तुमच्या साइटची खासगी फाइल जगाला दिसतेय का?

परवा एका मित्राच्या साइटवर, त्याला विचारूनच, पत्त्यापुढे डॉट-गिटमधल्या कॉन्फिग फाइलचं नाव टाइप केलं. फाइल सरळ उघडली!

डॉट-गिट उघडं असेल तर साइटचा कोड जुन्या बदलांसकट उतरवून घेता येतो. डॉट-ईएनव्हीमध्ये तर बहुधा डेटाबेसचा पासवर्डच असतो.

अपाची: मूळ सेटिंगमध्ये फक्त डॉट-एचटीने सुरू होणाऱ्या फाइल बंद असतात. बाकीच्या आपण बंद करायच्या, आवृत्ती २.४ पासून त्यासाठी ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ वापरतात.

एन्जिनएक्स: हा अपाचीची डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइल वाचतच नाही. मुख्य कॉन्फिगमध्ये लोकेशन ब्लॉक लिहून त्यात ‘डिनाय ऑल’ टाका.

डॉटवाल्या सगळ्या फाइल बंद करताना ‘डॉट-वेल-नोन’ फोल्डर मात्र उघडं ठेवा. लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी तपासणी तिथेच होते.

रोबोट्स फाइलमध्ये नाव लिहिल्याने काहीच बंद होत नाही. उलट ते म्हणजे चोराला तिजोरीचा पत्ता देणं!

सर्व्हर रीलोड करून फाइल पुन्हा उघडून बघा. ४०३ किंवा ४०४ आलं पाहिजे. आधी उघडी असेल तर पासवर्डही बदला.

सगळ्यात उत्तम म्हणजे अशा फाइल वेब रूटच्या बाहेरच ठेवा.

तुमचा सर्व्हर कोणता? अडलं तर कमेंटमध्ये विचारा. पासवर्ड मात्र तिथे टाकू नका!