फिरेनाशी झालेली चावी

वाहन जुने झाले की मालक त्याच्या इंजिनाची, ब्रेकची आणि टायरांची काळजी वाहतो. परंतु चावी ज्या कुलपात फिरते, त्या छोट्याशा यंत्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते अडले म्हणजे मात्र सुस्थितीतील गाडीही जागची हलत नाही. दुर्ग-भिलाईसारख्या जोडशहरात या अडचणीची झळ चटकन जाणवते. भिलाईचा पोलाद कारखाना अहोरात्र पाळ्यांत चालतो. पहाटेच्या पाळीला निघालेला कामगार, प्रवाशाला दुर्ग स्थानकावर पोहोचवणारा भाड्याच्या गाडीचा चालक किंवा मध्यरात्री रुग्णाला सेक्टर ९ मधील रुग्णालयात नेणारे कुटुंब, यांपैकी कोणालाही चावीशी झटापट करत बसणे परवडत नाही. अशा वेळी घाईने जोर लावला जातो, चावी कुलपातच मोडते आणि पाच मिनिटांचे काम दिवसभराचा खोळंबा होऊन बसते. हे टाळायचे, तर कुलूप का अडते हे आधी समजून घेतले पाहिजे.

आरंभीच्या काळात मोटार सुरू करण्यासाठी समोरून हँडल फिरवावे लागे. हे काम कष्टाचे आणि धोक्याचेही होते. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर बसवण्यात आला. पुढे १९४९ साली क्रायस्लर कंपनीने केवळ चावी फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय दिली. मोटारींच्या चोऱ्या वाढल्यावर याच कुलपावर आणखी एक जबाबदारी आली, ती म्हणजे चावी काढल्यानंतर स्टिअरिंगही जखडून ठेवण्याची. भारतात १९८३ च्या डिसेंबरात आलेली आणि जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली मारुती ८०० घराघरांत पोहोचली, तसे हे दुहेरी काम करणारे कुलूपही सर्वांच्या परिचयाचे झाले. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सीजी ०७’ हा दुर्ग जिल्ह्याचा क्रमांक मिळालेल्या गाड्यांचे वय आता वीस वर्षांहून अधिक आहे. इतक्या काळात त्यांच्या कुलपात चावी हजारो वेळा फिरलेली असते.

या कुलपाचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. पहिला भाग म्हणजे चावी ज्यात शिरते तो गोल गाभा. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या असून त्या बारीक स्प्रिंगांच्या दाबाने बाहेर आलेल्या असतात व गाभ्याला फिरू देत नाहीत. योग्य चावी आत गेली की तिच्या दात्यांमुळे सर्व पट्ट्या गाभ्याच्या कडेशी समपातळीत येतात आणि गाभा मोकळा होतो. दुसरा भाग म्हणजे लोखंडी खुंटी. चावी काढल्यावर ती स्टिअरिंगच्या दांड्यावरील खाचेत शिरते. तिसरा भाग मागच्या बाजूचा विजेचा स्विच होय. चावी फिरतच नसेल, तर दोष बहुधा पहिल्या दोन भागांत असतो. चावी नेहमीसारखी फिरते पण इंजिन सुरू होत नाही, अशी स्थिती असेल, तर बॅटरी, तारा किंवा स्विच तपासावा. कुलपाला दोष देऊ नये.

चावी अडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे खुंटीवर आलेला ताण. गाडी उभी करताना पुढची चाके वळलेली राहिली, एखादे चाक दगडाला टेकले किंवा उतरताना कोणी स्टिअरिंगचा आधार घेतला, तर खुंटी खाचेत घट्ट रुतते. ती सरकत नाही, म्हणून चावीही फिरत नाही. येथे काहीही बिघडलेले नसते. अशा वेळी हँडब्रेक ओढावा, एका हाताने स्टिअरिंग डावीकडे व उजवीकडे हलकेच हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चावीवर बेताचा जोर द्यावा. ताण सुटताच चावी फिरते.

एवढ्याने काम झाले नाही, तर घरातील दुसरी चावी लावून पाहावी. रोजच्या वापराने चावीचे दाते झिजतात आणि पट्ट्या समपातळीत येत नाहीत. कमी वापरलेली चावी सहज फिरली, तर दोष झिजलेल्या चावीचा आहे असे समजावे. नवी चावी करून घेतानाही कमी झिजलेली चावीच नमुना म्हणून द्यावी. झिजलेल्या चावीवरून केलेल्या चावीत तीच झीज उतरते. ज्या चावीत इलेक्ट्रॉनिक चिप असते, तिची साधी नक्कल कुलपात फिरेल, पण इंजिन सुरू करणार नाही. चावी बनवणाऱ्याने गाडीची कागदपत्रे मागितली, तर राग मानू नये. त्या विचारपूस करण्यातच मालकाचे हित आहे.

तिसरे कारण धूळ. उन्हाळ्यातील कोरडी धूळ चावीबरोबर कुलपात शिरते. पुष्कळ जण त्यावर खोबरेल किंवा इंजिनाचे तेल सोडतात. त्याने चावी काही दिवस सुरळीत फिरते. परंतु तेलावर धूळ चिकटून तिचा चिखल होतो आणि पट्ट्या पूर्वीपेक्षा अधिक अडकतात. त्यापेक्षा ग्रॅफाइटची कोरडी भुकटी उपयुक्त ठरते. ती जवळ नसेल, तर मऊ शिसपेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासून चावी अनेकदा आत-बाहेर करावी. पेन्सिलीतील ‘शिसे’ म्हणजे प्रामुख्याने ग्रॅफाइटच असते.

चावीला पक्कड लावून पिळणे किंवा कुलपावर हातोडी मारणे सर्वथा टाळावे. वरील उपाय निष्फळ ठरल्यास मेकॅनिकला बोलवावे. पुष्कळ गाड्यांत हे कुलूप ज्या बोल्टांनी बसवलेले असते, त्यांची डोकी बसवतानाच तोडलेली असतात. चोराला ते पान्याने खोलता येऊ नयेत, हा त्यामागील हेतू. त्यामुळे मेकॅनिकलाही ड्रिलने पोखरून ते काढावे लागतात. या कामाला लागणारा वेळ पाहून त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे योग्य नव्हे.

झिजलेल्या कुलपाचा धोका चालत्या गाडीतही असतो. चावीला जड जुडगा लटकवला की प्रत्येक धक्क्याला त्याचा भार कुलपावर पडतो. २०१४ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीला सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने चावी फिरून इंजिन चालत्या गाडीत बंद पडत असे आणि एअरबॅग उघडत नसत. नुकसानभरपाईच्या प्रक्रियेत १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी जोडला गेला. म्हणून गाडीची चावी एकटीच ठेवावी. जगदलपूरहून परतताना केशकाल घाटासारख्या उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणे तर अत्यंत घातक आहे. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी मदत लवकरच संपते आणि पेडल जड होते. अशा वेळी चावी मागे फिरवून काढली गेली, तर स्टिअरिंगही जखडले जाते.

कुलूप एकाएकी क्वचितच बिघडते. चावी आत जाताना अडखळणे, ती एकदा फिरणे आणि एकदा न फिरणे, किंवा फिरवण्यापूर्वी थोडी बाहेर ओढावी लागणे, ही त्याची पूर्वसूचना असते. ती मिळताच दुसरी चावी काढून पाहावी व कुलूप तपासून घ्यावे. दिवसा, सवडीने केलेली ही तपासणी मध्यरात्री रुग्णालयाकडे निघालेल्या गाडीचा खोळंबा टाळू शकते.