पाचगणीचा पियानोवादक विद्यार्थी

धानाची कापणी आटोपली म्हणजे आमच्या आरमोरी-देसाईगंजच्या मुलखात झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस येतात. रात्रभर चालणाऱ्या त्या खेळांत पेटीवर बसलेला शाळकरी मुलगा दिसला, की "याच्या अभ्यासाचे काय होणार?" असा प्रश्न वडील मंडळी हटकून करितात. त्या प्रश्नाचा विचार करिताना पाचगणीच्या एका विद्यार्थ्याची हकीगत आमच्या वाचकांस उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

फारोख बुलसारा यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेजवळील झांजीबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. वडील बोमी हे सरकारी नोकरीत रोखपाल होते. आठ वर्षांच्या फारोखास त्यांनी सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेविले. घर समुद्रापलीकडे, तेव्हा सुट्यांतही पुष्कळदा मुंबईच्या आप्तांकडेच राहणे प्राप्त होई. एवढ्या लहान वयात हा वियोग सोपा नव्हे.

तेथील मुख्याध्यापकांनी मुलाचा कल ओळखिला आणि निराळी फी भरून त्यास संगीत शिकवावे, असे आईबापांस पत्राने सुचविले. त्यांनी ते मान्य केले. फारोखाने पियानोचे शास्त्र व वादन या दोहोंत चौथ्या श्रेणीपर्यंत मजल मारिली.

त्याच सुमारास अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे ब्लूज व ग्रामीण गोऱ्यांचे कंट्री यांच्या मिलाफातून रॉक अँड रोल हे जलद ठेक्याचे संगीत उदयास आले होते. त्याने भारून जाऊन १९५८ साली पाच विद्यार्थ्यांनी 'हेक्टिक्स' नामक वाद्यवृंद काढिला. त्यात मुख्य गायक दुसराच होता. फारोख पियानोवर साथ करी, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

शिक्षणानंतर ते झांजीबारास परतले. परंतु १९६४ च्या तेथील क्रांतीमुळे कुटुंबास इंग्लंड गाठावे लागले. तेथे त्यांनी चित्रकलेची पदविका घेतली आणि १९७० साली 'क्वीन' या वृंदाचे गायक होऊन फ्रेडी मर्क्युरी हे नाव धारण केले. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ते गायिले, तेव्हा समोर सुमारे ७० हजार श्रोते होते. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

मुलगा पुढे कोण होणार, हे त्या मुख्याध्यापकांस ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी जे दिसले ते घरी कळविले, एवढेच. पेटीवर बसणाऱ्या आमच्या मुलांच्या घरीही तक्रारीऐवजी कधी असे एखादे पत्र जावे, इतकीच आमची विनंती आहे.