खेळाचा संगणक आणि खोडदची दुर्बीण

संगणकावरचे खेळ नीट चालतील असे यंत्र कमी पैशांत कसे जुळवावे, हा प्रश्न आता मंचर, घोडेगाव, ओतूरच्या मुलांनाही पडतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालणाऱ्या माझ्या एका मित्राने तो मला विचारला. त्याच्या मुलीला खेळ खेळायचे होते आणि त्रिमिती चित्रे काढायलाही शिकायचे होते. पडदा आणि कळफलक घरात होते. बाकीच्या यंत्रासाठी तोड्याच्या पैशांतून पन्नास हजार रुपये बाजूला ठेवलेले होते. एखादा भाग चुकीचा घेतला, तर तो बदलायला दुसरे पैसे नव्हते.

अशा वेळी प्रत्येक भाग थोडाथोडा स्वस्तातला घ्यावा, असे पुष्कळांना वाटते. पण काटकसरीची खरी रीत वेगळी आहे. कोणता भाग काय काम करतो हे आधी समजून घ्यायचे आणि काम जेथे अडते तेथेच पैसा घालायचा. या रीतीचा मोठा नमुना जुन्नर तालुक्यातच, खोडदला उभा आहे. त्याच्याकडे आपण येऊच. आधी खेळातले चित्र पाहू.

चित्र कसे बनते?

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. नेहमीच्या पडद्यावर आडव्या ओळीत 1920 ठिपके आणि अशा 1080 ओळी असतात. गुणाकार केला तर 20,73,600 ठिपके होतात. खेळातील हालचाल सलग दिसावी म्हणून दर सेकंदाला 60 चित्रे काढावी लागतात. म्हणजे एका सेकंदात सुमारे 12 कोटी 44 लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा!

एका ठिपक्याचा रंग कसा ठरतो? समजा, खेळात एक भिंत आहे आणि तिच्यावर दिव्याचा उजेड पडतो आहे. उजेड सरळ समोरून आला तर भिंत उजळ दिसते, तिरपा आला तर मंद दिसते. उजेडाची दिशा आणि भिंतीवरचा लंब यांमधील कोनाची कोसाइन घेतली की उजळपणा मिळतो. मग त्यात भिंतीचा रंग, सावली, धुके मिसळायचे. गणित अवघड नाही. प्रत्येक ठिपक्यासाठी अशा साध्या बेरजा-गुणाकार शेकड्यांनी करायचे असतात आणि एका ठिपक्याचे गणित शेजारच्या ठिपक्यासाठी थांबून राहत नाही. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा.

लागणीची टोळी

कांद्याची लागण तुम्ही पाहिली असेल. रोप कधी लावायचे, पाणी कधी सोडायचे हे ठरवायला एक जाणता शेतकरी लागतो. पण एकरभर रोपे लावायला तो एकटा पुरत नाही. तेथे वीस जणांची टोळी लागते. प्रत्येकाने आपल्या वाफ्यात तेच काम करायचे असते, म्हणून माणसे वाढली की काम लवकर उरकते.

संगणकातला प्रोसेसर म्हणजे हा जाणता शेतकरी. त्याच्यात चार, सहा किंवा आठ गणनकेंद्रे असतात. प्रत्येक केंद्र हुशार असते आणि गुंतागुंतीचे निर्णय झपाट्याने घेते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे टोळी. त्यात साधी गणिते करणारी छोटी केंद्रे शेकड्यांनी, हजारांनी असतात आणि ती एकाच वेळी वेगवेगळ्या ठिपक्यांवर तेच गणित करतात. म्हणून खेळासाठी पैशांचा मोठा वाटा कोठे जायला हवा, हे आता तुम्हीच सांगाल.

तीस तबकड्या, 435 जोड्या

आता खोडदला चला. तेथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारी दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्रामार्फत ती चालते. प्राध्यापक गोविंद स्वरूप (1929–2020) यांनी तिची कल्पना मांडली आणि आपल्या सहकाऱ्यांसह ती उभारली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या येथे आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी जवळजवळ आहेत आणि 16 तबकड्या तीन हातांवर, शेतांमधून सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत.

या सर्व तबकड्यांनी मिळून एका प्रचंड दुर्बिणीसारखे काम करावे, यासाठी प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी गुणावा लागतो. 30 तबकड्यांच्या जोड्या किती? 30 गुणिले 29 भागिले 2, म्हणजे 435. सुधारित जीएमआरटी एका वेळी 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदीचा पट्टा ऐकू शकते. तेव्हा प्रत्येक जोडीसाठी सेकंदाला सुमारे 40 कोटी गुणाकार होतात, तेही लहरींच्या दोन ध्रुवणांसाठी स्वतंत्रपणे. 435 × 40 कोटी × 2 = 34,800 कोटी! आणि हे गुणाकार संमिश्र संख्यांचे असल्याने त्यातल्या प्रत्येकात चार साधे गुणाकार दडलेले असतात.

संख्या पाहून छाती दडपते. पण गणिताची जात ओळखीची आहे ना? काम तेच, एका जोडीचे दुसरीवाचून अडत नाही. म्हणजे येथेही टोळीच हवी. सुरुवातीला या कामासाठी खास विद्युत मंडले बनवलेली होती. 2010 च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या तयार संगणकांचा संच जोडून हे गणित होऊ लागले. दुर्बीण सुधारली तेव्हा 400 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ग्राफिक्स कार्डांच्या कुळातले गणक वापरण्यात आले. ही कार्डे शास्त्रीय कामासाठी बनवलेली असतात. पण त्यांची रचना खेळांच्या कार्डांतूनच वाढली आहे. खेळांची मागणी जगभर होती, म्हणून कंपन्यांनी ती वेगवान केली आणि भाव आवाक्यात आले. 2012 मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी छायाचित्रांतील वस्तू ओळखणारे एक गाजलेले जाळे शिकवले, तेही खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर.

शंभर रुपयांची वाटणी

आता पन्नास हजारांकडे वळू. भाव सतत बदलतात, म्हणून वाटणी शंभर रुपयांवर सांगतो. ग्राफिक्स कार्डाला 40, प्रोसेसरला 18, मदरबोर्डला 12, रॅमला 9, एसएसडीला 8, वीजपुरवठ्याला 8 आणि कॅबिनेटला 5 रुपये.

सगळा पैसा ग्राफिक्स कार्डातच का ओतू नये? विहिरीवर तीन इंची पंप बसवून पुढे एक इंची पाइप जोडला, तर पाणी पाइपाच्या मापानेच येईल. तसेच प्रत्येक चित्रापूर्वी कोण कोठे उभा आहे, चेंडू कोठे उडाला, हे प्रोसेसर ठरवतो. तो मंद असला तर भारी कार्ड नुसते वाट पाहत बसते.

रॅमची गंमत पाहा. 16 गिगाबाइटची एकच पट्टी घेण्यापेक्षा 8-8 च्या दोन घ्याव्या. 3200 जातीची एक पट्टी सेकंदाला 320 कोटी वेळा, दर खेपेस 8 बाइट, म्हणजे जास्तीत जास्त 25.6 गिगाबाइट माहिती देऊ शकते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन रस्ते उघडतात आणि हा आकडा 51.2 होतो. ज्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड परवडत नाही, त्यांनी चित्रांचा भाग अंगातच असलेला प्रोसेसर घ्यावा. त्यांना तर दोन पट्ट्यांचा लाभ अधिकच होतो, कारण ते चित्रही याच रॅममधून काढले जाते.

एसएसडीने खेळातली चित्रे वेगाने निघत नाहीत; फक्त खेळ लवकर सुरू होतो. जुन्या डिस्कची चकती मिनिटाला 7200 फेरे घेते. एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ही वाट पाहणे उरत नाही.

वीज आणि उष्णता

समजा, कार्डाला 130 वॅट, प्रोसेसरला 65 आणि बाकी सर्वांना 50 वॅट लागतात. बेरीज झाली 245 वॅट. 450 वॅटचा चांगला वीजपुरवठा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, येथे पुरतो. त्याची कार्यक्षमता 85 टक्के असेल, तर भिंतीतून सुमारे 288 वॅट ओढले जातील. रोज तीन तास पूर्ण भाराने यंत्र चालले तर महिन्याला सुमारे 26 युनिट होतात. वीजबिल कोण भरते, हेही खेळताना आठवावे!

यंत्रात गेलेल्या विजेची अखेर उष्णताच होते. ती बाहेर काढायला किती हवा हवी? हवा 10 अंशांनी तापू द्यायची असे ठरवले, तर 245 वॅटसाठी सेकंदाला सुमारे 20 लीटर हवा पुरते. पुढच्या बाजूने एक पंखा आत हवा घेईल, मागचा बाहेर टाकेल. एवढ्याने काम भागते. महागड्या रंगीत पंख्यांची गरज नाही. आपल्याकडे धूळ फार, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी जाळी साफ करावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, अर्थिंग. चांगल्या वीजपुरवठ्याच्या तोंडाशी विजेतील खरखर गाळणारी छोटी संधारित्रे असतात. ती फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या धातूला जोडलेली असतात. भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला जमिनीशी खरी जोडणी नसेल, तर कॅबिनेटवर 230 च्या निम्मे, म्हणजे सुमारे 115 व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हात लावताच मुंग्या येतात. आतला एखादा भाग बिघडला तर हाच प्रवाह जिवावर बेतू शकतो. म्हणून यंत्र आणण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नका. बंद केल्यावरही तिच्या संधारित्रात 300 व्होल्टपेक्षा जास्त दाब काही काळ राहू शकतो.

शेजारी ऐकतो आहे

खोडदची जागा का निवडली? पुण्याहून फार दूर नाही, अक्षांश सोयीचा आहे, आणि मुख्य म्हणजे येथे माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. आकाशातून येणारा संकेत किती क्षीण असतो पाहा. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ ज्याला एक जान्स्की म्हणतात, तेवढ्या तेजाच्या स्रोताकडून एका तबकडीवर, 400 मेगाहर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, जी शक्ती पडते ती एका वॅटचे एक लाख अब्ज भाग केले तरी त्यातल्या एका भागापेक्षा कमी भरते. अभ्यासले जाणारे कित्येक स्रोत याहूनही हजारो पटींनी मंद असतात.

जीएमआरटी सुमारे 120 ते 1450 मेगाहर्ट्झमध्ये ऐकते. संगणकातील घड्याळे आणि त्यांचे गुणित याच टापूत येतात. वीजपुरवठाही सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्या झटक्यांतून लहरी निघतात. अगदी स्वस्त पुरवठ्यात वर सांगितलेली गाळणी अपुरी असते. एका घरातल्या संगणकाने दुर्बीण बंद पडत नाही. पण तबकड्या शेतांशेजारी आहेत आणि घराघरातल्या खरखरीची बेरीज होते. दुर्बिणीचे स्वतःचे संगणकसुद्धा म्हणूनच लहरी बाहेर जाऊ न देणाऱ्या धातूच्या आवरणाच्या खोलीत ठेवले जातात.

मग कॅबिनेट कोणते घ्यावे? साधे, लोखंडी पत्र्याचे. 1000 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 30 सेंटीमीटर असते. दोन-तीन मिलिमीटरच्या भोकांतून हवा जाते, पण एवढी लांब लहर जवळजवळ जात नाही. काचेची बाजू असलेले कॅबिनेट दिसते छान, पण लहरींच्या दृष्टीने ती उघडी खिडकीच.

हाच नियम दुर्बिणीच्या तबकड्यांत उलट्या कामाला लावला आहे. त्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नाही. तो बारीक पोलादी तारांच्या, एक ते दोन सेंटीमीटर भोकांच्या जाळीचा आहे. 21 सेंटीमीटरच्या लहरीला ती जाळी आरशासारखी वाटते, आणि वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे तबकडी हलकी झाली, वाऱ्याचा रेटा घटला आणि खर्च पुष्कळ कमी झाला. लहरीची लांबी ठाऊक होती, म्हणून पत्रा वाचवता आला! मित्राच्या यंत्रातही आम्ही काच आणि रंगीत दिवे वगळले, आणि तो पैसा चांगल्या वीजपुरवठ्यात घातला.

करून पहा

पेटीवर चालणारा छोटा रेडिओ मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. तो चालू संगणक, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा यांच्याजवळ आळीपाळीने धरा. खरखर कोणाजवळ जास्त येते? किती पावलांवर ती थांबते? तक्ता करा. मग रेडिओ एखाद्या केंद्रावर लावून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि काय होते ते ऐका.

तक्ता जपून ठेवा. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला दुर्बीण पाहण्याची आणि शाळांच्या प्रयोगांची जत्रा भरते. तेथे तो तक्ता घेऊन जा, आणि मोबाइल बंद करून आत शिरा.