पहिल्या चार बाइटांचा वाद

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत, म्हणजे २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या जोडीत, भट्टी बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. एक शोषक दांडे गाभ्यात सोडते, दुसरी मंदकात न्यूट्रॉन गिळणारे द्रावण ढकलते. निर्णय तीन वाहिन्यांच्या कौलावर ठरतो आणि तिघींपैकी दोघींचे एकमत पुरते. अशा रचनेत एखादी वाहिनी तपासायला घेतली, की तिला ‘ट्रिप’ स्थितीत, म्हणजे ‘बंद करा’ असा कौल आधीच दिलेल्या स्थितीत ठेवतात. मग उरलेल्या दोघींपैकी एकीने कौल दिला तरी भट्टी बंद. तपासणी चालू असताना पहारा सैल पडत नाही, उलट थोडा हळवा होतो. बोईसरच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. इंटरलॉकला जंपर मारून, म्हणजे पहारा तारेने टाळून, वाचन घेणे आणि वाहिनी ट्रिपमध्ये ठेवून वाचन घेणे यांतला फरक त्याला कामातून कळलेला असतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, गेल्या काही वर्षांत नेमका हाच पेच पडला: पहारा न उठवता आत पाहायचे कसे? तिथली उत्तरे पाहता माझे मत असे झाले आहे, की पाहणारा आणि पहारेकरी यांची हत्यारे एकाच जातीची असतात. म्हणून दोघांचा मेळ हत्यारांवरून घालता येत नाही, जागा ठरवूनच घालावा लागतो.

आधी पाहणाऱ्याचे. चालू कर्नलमध्ये एखादे फंक्शन कधी आणि कोणत्या मूल्यांनिशी चालले हे पाहायचे, तेही यंत्र न थांबवता, तर ‘के-प्रोब’ वापरतात. या सोयीचा पाया आयबीएमच्या भारतातल्या मंडळींनी घातला. मूळ फाइलच्या माथ्यावर २००२ सालची वम्सी कृष्ण यांची नोंद आहे, त्याखाली २००४ च्या सुपर्णा भट्टाचार्य आणि प्रसन्न पंचमुखी यांच्या नोंदी. त्याच वर्षी २.६.९ आवृत्तीत ही सोय मुख्य कर्नलमध्ये आली. युक्ती साधी आहे आणि थोडी धीट. हव्या त्या आज्ञेचा पहिला बाइट पुसून तिथे सापळ्याचा एक बाइट ठेवायचा. प्रोसेसर तिथे पोचला की अडखळतो, कर्नल नोंद घेतो, बाजूला जपून ठेवलेली मूळ आज्ञा चालवतो आणि वाट पुढे सुरू होते. पुढे घाई करण्यासाठी सापळ्याऐवजी पाच बाइटांची थेट उडी ठेवण्याची सोयही झाली. म्हणजे चालत्या कोडमध्ये बदल आणि ठरलेल्या वाटेला फाटा. घुसखोरही हेच करू पाहतो. फरक अधिकाराचा आणि हेतूचा आहे, आणि हेतू प्रोसेसरला दिसत नाही.

आता पहारेकरी. हल्लेखोर बहुधा नवे कोड आणत नाही. असलेल्याच कोडमध्ये भलत्या ठिकाणी उडी मारायला लावतो. म्हणून इंटेलने २०२० च्या टायगर लेक प्रोसेसरांपासून एक नियम घातला: रजिस्टरमधल्या किंवा मेमरीतल्या पत्त्यावरून कुणी उडी घेतली, तर ती चार बाइटांच्या एका खास खुणेवरच उतरली पाहिजे. ‘एंडबीआर’ नावाची ती खूण नसेल तर प्रोसेसर तिथेच तक्रार करून थांबतो. पीटर झिल्स्ट्रा यांच्या कामातून ‘आयबीटी’ नावाचा हा पहारा ५.१८ आवृत्तीत, २०२२ साली, कर्नलच्या स्वतःच्या कोडला लागला. खूण बसते फंक्शनच्या अगदी तोंडाशी, आणि तोंडाचीच जागा प्रोब लावणाऱ्यांना अठरा वर्षे हवी तशी मिळत आली होती. तिथे पाच बाइटांची उडी ठेवली तर खूणच पुसली जाते आणि पुढच्या भल्या कॉललाही पहारेकरी अडवतो. दुसरा घोटाळा अधिक बारीक आहे. फंक्शनचा मागोवा घेण्यासाठी कर्नलने आधीच राखून ठेवलेली जागा पूर्वी शून्य अंतरावर असे, ती आता चार बाइट पुढे सरकली. ‘फंक्शन अधिक शून्य’ म्हणजे प्रवेश, असे गृहीत धरणारी सगळी साधने एका रात्रीत चुकली असती.

तोड निघाली ती अशी: कुणी तोंडावर प्रोब मागितला आणि तिथे खूण असली, तर कर्नल निमूटपणे प्रोब चार बाइट पुढे लावतो, आणि ‘हा प्रवेशाचाच प्रोब आहे’ अशी नोंद जवळ ठेवतो. डीबग फाइल-प्रणालीतली प्रोबांची यादी उघडली की मागितलेल्या नावापुढे अधिक चार असे अंतर दिसते; पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती चूक वाटेल, पण तो करार आहे. त्याची किंमत इतरांनीही मोजली. प्रोबवर चालणाऱ्या बीपीएफ प्रोग्रामला फंक्शनचा पत्ता सांगताना ते चार बाइट वजा करण्याची व्यवस्था वेगळी करावी लागली. शिवाय ज्या फंक्शनांवर रजिस्टर-मेमरीतल्या पत्त्यावरून उडी कधी येतच नाही, त्यांच्या खुणा कर्नल सुरू होतानाच निकामी करतो. या निकामी खुणांनाही खूण म्हणूनच ओळखावे लागते, नाहीतर अंतराचा हिशेब फंक्शनागणिक बदलेल.

याहून बोलके उदाहरण के-सीएफआयचे आहे. ६.१ आवृत्तीत आलेल्या या पहाऱ्यात कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या आधी त्याच्या प्रकाराचा चार बाइटांचा ठसा ठेवतो आणि रजिस्टर-मेमरीतल्या पत्त्यावरून होणाऱ्या प्रत्येक कॉलपूर्वी ठसा जुळतो का हे पाहणाऱ्या दोन-तीन आज्ञा पेरतो. जुळला नाही तर यंत्र सापळ्यात पडते, आणि कर्नल मागे वळून त्याच आज्ञा वाचतो: कोणता ठसा अपेक्षित होता, उडी कुठे जाणार होती. त्या आज्ञांवर कुणी प्रोब लावलेला असेल तर वाचायला मूळ बाइटच उरत नाहीत. हल्ला अडतो, पण कुठल्या पत्त्यावर आणि कोणत्या प्रकारासाठी, हे अहवालातून गळते. २०२३ मध्ये मासामी हिरामात्सु यांनी या आज्ञांवर प्रोब लावण्यालाच मनाई केली. ते के-प्रोबचेच सांभाळकर्ते आहेत, हे लक्षात घेण्यासारखे. पाहण्याच्या सोयीचा राखणदार स्वतःच म्हणतो, की इथे पाहू नका, कारण इथे दुसरा पाहतो आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: तपासणीपुरता पहारा बंद करावा, ‘आयबीटी=ऑफ’ असे बूटच्या ओळीत लिहावे, काम झाले की पुन्हा चालू. ५.१८ आल्यावर एनव्हिडियाच्या बंद स्रोताच्या ड्रायव्हरमध्ये खुणा नव्हत्या, तेव्हा पुष्कळांनी हीच ओळ लिहिली. ती काढायची आठवण किती जणांना राहिली असेल, याचा अंदाज कारखान्यातले जंपर पाहिलेल्याने करावा. पण विसरण्यापेक्षाही एक मोठी अडचण आहे. जो दोष पहारा आणि कोड यांच्या घर्षणातून उपजतो, तो पहारा उठवल्यावर दिसतच नाही. आपण दुसऱ्याच यंत्राची तपासणी करून समाधान मानतो.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे: प्रोबच नकोत, कर्नलकर्त्यांनी मुद्दाम ठेवलेली ट्रेसपॉइंटची ठिकाणे पुरेत. ती शक्य तिथे वापरावीतच. पण जिथे बिघाड होईल असे कुणाला वाटले नव्हते तिथेच तो होतो, आणि तिथे ट्रेसपॉइंट नसतो. सुरक्षेचा कडवा पक्ष म्हणेल, की प्रोब हा अधिकाऱ्याच्या हाती दिलेला घुसखोरीचा मार्ग आहे. यात तथ्य आहे; म्हणून तर ५.४ मधल्या ‘लॉकडाउन’ सोयीच्या सर्वांत कडक पातळीवर प्रोब बंद असतात. ज्या यंत्रात गुपिते सांभाळायची आहेत तिथे ही बंदी मला मान्य आहे. मात्र तिथे बिघाड झाला तर तो आंधळेपणाने शोधावा लागेल, हे ती बंदी घालणाऱ्याने आधीच कबूल करावे.

सगळ्यांत अवघड ठरले ते परतीचे प्रकरण. फंक्शन संपताना पाहायचे तर प्रोब स्टॅकवरचा परतीचा पत्ता बदलून आपल्या थांब्याचा ठेवतो. शॅडो स्टॅक नावाचा पहारा परतीच्या पत्त्यांची दुसरी प्रत मेमरीतल्या राखीव जागेत ठेवतो आणि दोन्ही जुळल्या तरच परतू देतो. वापरकर्त्यांच्या प्रोग्रामसाठी हा पहारा ६.६ मध्ये, २०२३ साली आला, आणि परतीचा प्रोब लावलेला प्रोग्राम त्यात कोसळू लागला. येथे चार बाइट सरकून भागणारे नव्हते. यिरी ओल्सा यांनी २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्तीत कर्नल पत्ता बदलताना शॅडो स्टॅकमधली नोंदही स्वतःच बदलतो, आणि थांब्यावरून खऱ्या पत्त्याकडे परतताना ती पुन्हा नीट लावतो. पहारेकऱ्याची वही लिहिण्याचा अधिकार वापरला गेला, पण कर्नलनेच वापरला. प्रोग्रामला साध्या लेखनाने त्या वहीला हात लावता येत नाही. कर्नलच्या स्वतःच्या स्टॅकला हा पहारा लागेल तेव्हा तिथल्या परतीच्या प्रोबांचा करार नव्याने लिहावा लागेल, आणि त्यावेळी वही लिहिणारा व तपासला जाणारा एकच असेल.