मोठ्या बोअरची शिकारी रायफल

बंदुकीचा ‘बोअर’ मुळात वजनावरून ठरतो. नळीत चपखल बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जितक्या भरतील तो आकडा म्हणजे बोअर. बडोद्याच्या खंडेराव मार्केटात किलोला किती लिंबे चढतात ते मोजावे, तसाच हा हिशेब: लिंबू मोठे, तर आकडा लहान. म्हणून १२ बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटरची, तर ८ बोअरची सुमारे २१ मिलिमीटरची आणि तिची गोळी ५७ ग्रॅमची.

१९०६ मध्ये बांधलेल्या या बाजाराला ज्यांचे नाव आहे ते खंडेराव गायकवाड (कारकीर्द १८५६ ते १८७०) शिकारीचे शौकीन होते. मकरपुऱ्याचा राजवाडा त्यांच्याच काळातला. तेव्हाच्या बंदुका काळ्या दारूवर चालत. या दारूने गोळीचा वेग बेताचाच राही, म्हणून मोठे जनावर पाडायला गोळी जड करावी लागे. १८८९ मध्ये कॉर्डाइट ही जवळजवळ बिनधुराची दारू आली आणि गणित बदलले. लंडनच्या रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये .४५० (इंच) नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणले. त्याची ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने सुटे. तिची ऊर्जा लष्करी .३०३ च्या दुपटीहून अधिक होती.

या काडतुसांवर हिंदुस्थानचा ठसा दोन प्रकारे उमटला. पहिला उन्हाचा. उष्णतेत कॉर्डाइटचा दाब वाढतो आणि काडतुसाची पुंगळी नळीत अडकून बसू शकते. म्हणून पुंगळी मोठी ठेवून दाब मुद्दाम कमी राखला गेला. दुसरा ठसा कायद्याचा. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी बंदुकीची नळीही .४५० चीच होती. दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाईल या भीतीने ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी या मापाची आयात रोखली. तेव्हा कारागिरांनी .४६५, .४७० आणि .४७६ अशी शेजारची मापे पुढे आणली. त्यांचा जोर जवळजवळ तेवढाच होता.

अशी रायफल गिऱ्हाइकाच्या मापाने घडवताना आधी काडतूस ठरते आणि बाकी सगळे त्याच्यामागून येते. एकनळी हवी असेल, तर लांब काडतूस मावेल अशी मोठी माउझर बोल्ट-यंत्रणा घेतात; १९११ चे .४१६ रिग्बी त्यासाठीच बेतलेले होते. दुनळीचे काम याहून किचकट. दोन नळ्या समांतर जोडल्या तर गोळ्या एका जागी पडत नाहीत, कारण बार होताच उजवी नळी बंदुकीला उजवीकडे ढकलते आणि डावी डावीकडे. म्हणून तोंडाशी नळ्या किंचित जवळ आणतात. कारागीर दोन्ही बार काढून निशाण पाहतो, डाक वितळवून मधली पाचर जराशी सरकवतो, पुन्हा डाक देतो आणि पुन्हा बार काढतो. दोन्ही गोळ्या ठरल्या अंतरावर शेजारी पडेपर्यंत हे चालते. ही जुळणी एकाच काडतुसापुरती असते. गोळीचे वजन किंवा वेग बदलला की ती बिघडते.

शेवटी दस्ता. लाकूड अक्रोडाचे, आणि पकडीच्या बारीक भागात त्याच्या रेषा सरळ लांबीने गेलेल्या हव्यात. आडव्या असल्या तर धक्क्याने दस्ता तिथेच तडकतो. बंदूक साडेचार ते पाच किलोची असूनही धक्का .३०३ च्या कितीतरी पट बसतो. वजन कमी केले तर खांदा दुखावतो, वाढवले तर बंदूक चटकन उचलत नाही. दस्त्याची लांबी, उतार आणि बाक गिऱ्हाइकाच्या हात-मानेच्या मापाने ठरवतात, म्हणजे बंदूक खांद्याला लागताच डोळा आपसूक माशीवर येतो.

भारतात वाघाच्या शिकारीवरची बंदी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्की केली आणि अशा रायफलींचा तो काळ संपला.