विमानाच्या दाराशी

अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्स या विमान कंपनीने २७ जानेवारी २०२६ पासून आपल्या प्रवाशांना आसने नेमून देण्यास आरंभ केला. वरवर पाहता या बातमीत नवल करण्याजोगे काही नाही. तिकिटावर आसनाचा क्रमांक असणे ही विमानाचीच काय, आपल्या इंदूर–पुणे आरामगाडीचीही रीत आहे. परंतु या कंपनीच्या विमानांत चोपन्न वर्षांहून अधिक काळ कोणाचीही जागा ठरलेली नव्हती. दारातून आत शिरावे, रिकामी दिसेल ती जागा घ्यावी आणि पट्टा बांधावा, असा तेथील सरळ व्यवहार होता. तो आता संपला. त्याच्या आगेमागे सामानाचे, सवलतींचे आणि विमानात चढण्याच्या क्रमाचे नियमही पालटले.

माळव्यात बसून आम्ही या दूरदेशीच्या कंपनीची उठाठेव का करावी, असा प्रश्न वाचक विचारतील. या कंपनीचे मुख्य ठाणे टेक्सास राज्यातील डॅलस येथे आहे. डॅलस आणि ह्यूस्टन या शहरांत आज मराठी कुटुंबांची चांगलीच वस्ती आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ सालचे अधिवेशनही डॅलसलाच भरले होते. आपल्या अंकाचे वर्गणीदार असलेल्या कित्येक घरांतील मुलगा, सून, लेक, जावई तिकडे आहेत आणि आईवडिलांच्या वाऱ्या चालू असतात. तेव्हा विषय घरचाच आहे. शिवाय, निष्ठा मोजायची कशाने, हा त्यातील प्रश्न तर शाळामास्तराच्या नित्य परिचयाचा.

प्रथम जुनी रीत कशी होती ते पाहू. १८ जून १९७१ रोजी ही कंपनी डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांदरम्यान उडू लागली. पुढच्याच वर्षी पैशाची चणचण भासून तिला आपल्या चार विमानांपैकी एक विकावे लागले. उरलेल्या तिघांनी चौघांचे काम करायचे, तर विमान भुईवर टेकल्यापासून पुन्हा उडेपर्यंत दहा मिनिटांहून अधिक वेळ दवडून चालणार नव्हते. आसनांचे क्रमांक लिहीत व शोधत बसण्याची चैन परवडणारी नव्हती. दाराशी प्लॅस्टिकची कार्डे देत, ती परत घेत आणि पुढच्या फेरीस पुन्हा तीच वाटत. गरजेपोटी आलेली काटकसर अंगवळणी पडली आणि तिचाच पुढे बाणा झाला. १९७३ साली कंपनीस पहिला नफा झाला, आणि त्यानंतर २०१९ पर्यंत एकही वर्ष तोट्याचे गेले नाही. जगातल्या फार थोड्या विमान कंपन्यांना असे सांगता येईल.

नोव्हेंबर २००७ पासून या रांगेला शिस्त आली. ए, बी आणि सी असे तीन गट आणि प्रत्येक गटात एक ते साठ क्रमांक. दाराजवळ क्रमांक लिहिलेले खांब उभे केलेले असत. आपला क्रमांक पाहून त्या खांबाजवळ उभे राहावयाचे. त्यामुळे एक मौजेचे दृश्य दिसे. परस्परांस कधीही न पाहिलेली माणसे एकमेकांच्या कागदात डोकावत ‘तुमचा किती?’ असे विचारीत, आणि ए-२८ चा मालक ए-२९ च्या बाईंना अदबीने मागे जागा करून देई. सुटाबुटातला व्यापारी आणि पाठीवर पिशवी टाकलेला विद्यार्थी एकाच खांबाशी उभे. क्रमांक मिळे तो मुख्यतः उड्डाणाच्या चोवीस तास आधी नोंदणी उघडताच जो तत्परता दाखवील त्यास. आमच्या परिचयातील एक गृहस्थ मुलाकडे गेले असता, ऐन जेवणाच्या पानावरून सूनबाई घड्याळ पाहत उठल्या आणि फोन हाती घेतला, तेव्हा त्यांना काही अघटित घडल्याचा भास झाला. नोंदणीची वेळ झाली होती, इतकेच!

ही रांग सर्वस्वी निर्मळ होती असे मात्र नव्हे. २००९ साली कंपनीनेच दहा डॉलर घेऊन आपोआप नोंदणी करून देण्याची सोय काढली, म्हणजे रांगेतील जागा त्या दिवसापासूनच विकाऊ झाली. चाकाच्या खुर्चीतील प्रवाशांस सर्वांआधी आत सोडीत, आणि मुक्कामी पोहोचताच त्यातील काहीजण खुर्चीविना झपझप चालू लागत, यावर तिकडे पुष्कळ विनोद झाले. (आपल्याकडची वडीलधारी मंडळी पाय धड असूनही परदेशी विमानतळावर खुर्ची मागतात, ती बहुधा रांग चुकविण्यासाठी नव्हे. फलक वाचता येत नाहीत, उच्चार समजत नाहीत, दुसऱ्या विमानाची वाट सापडत नाही. त्यांना हवा असतो तो खुर्ची ढकलणारा वाटाड्या. हा विनोद त्यांच्या वाट्याला येऊ नये.) शिवाय कंपनीचे स्वतःचे म्हणणे असे, की विचारणा केली तेव्हा तिच्या शंभरांतील ऐंशी प्रवाशांनी ठरलेली जागाच पसंत केली. ते खोटे मानण्याचे कारण नाही. लेकुरवाळ्या बाईला आपल्या मुलाशेजारी जागा मिळेल याची हमी हवी, हे कोणीही मान्य करील.

आसनांचा बदल म्हणूनच आम्हांस फारसा खटकत नाही. खटकते ते दुसरेच, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वारंवार प्रवास करणाऱ्यास बक्षीस देण्याची कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती १ मे १९८१ रोजी, अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ योजना काढली तेव्हा. आरक्षणासाठी बसविलेल्या संगणकात कोण किती वेळा उडाला याची नोंद आयतीच साठत होती. तिचा उपयोग करून नित्याचा प्रवासी बांधून ठेवावा, असा हा हिशेब. काही दिवसांतच युनायटेडनेही तेच केले. मोजमाप होते मैलांचे. जितके अंतर कापाल तितके मैल खात्यावर जमा, आणि पुरेसे जमले की एक प्रवास फुकट.

साउथवेस्टने १९८७ मध्ये आपली योजना आणली, ती मात्र मैलांची नव्हती. तिने फेऱ्या मोजल्या. सोळा एकेरी फेऱ्या करा आणि जाण्यायेण्याचे एक तिकीट फुकट न्या. डॅलस ते ह्यूस्टन हे जेमतेम पावणेचारशे-चारशे किलोमीटरचे अंतर असो की देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची मजल असो, फेरी ती फेरी. तिकीट महाग घेतले की स्वस्त, हेही कोणी विचारीत नसे. आमच्या भाषेत सांगायचे तर हे हजेरीचे गुण होते. वर्गात आलास, गुण मिळाला.

१ मार्च २०११ रोजी ते मोजमाप बदलले. गुण तिकिटाच्या किमतीवर मिळू लागले. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये व अमेरिकनने २०१६ मध्ये हाच मार्ग धरला आणि मैल हे केवळ नावापुरते उरले. २०२३ च्या सप्टेंबरात डेल्टाने वरच्या श्रेणीची कसोटी निव्वळ खर्चावर नेली, तेव्हा प्रवाशांत इतका क्षोभ उसळला की, आपण मर्यादा ओलांडली अशी कबुली खुद्द तिच्या प्रमुखांना द्यावी लागली व काही नियम सैल करावे लागले. साउथवेस्टने मार्च २०२५ मध्ये पुढचे पाऊल टाकले. तिच्या स्वस्त तिकिटावर डॉलरमागे सहा गुण मिळत होते, ते दोनवर आणले. सर्वांत महाग तिकिटावर बारा मिळत, त्यांचे चौदा केले. एखाद्या हेडमास्तराने असा फतवा काढला की, यापुढे फी माफ असणाऱ्या मुलाचा पेपर तिसऱ्या हिश्शाने तपासावा आणि देणगीदाराच्या चिरंजीवास दोन गुण वाढवून द्यावेत, तर गावातले पालक त्याला शाळेत पाऊल टाकू देणार नाहीत. विमान कंपनी ही शाळा नव्हे, दुकान आहे, हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. मग दुकानाने ‘निष्ठा’ हा शब्द वापरू नये. अधिक देणाऱ्यास अधिक, असे पाटीवर लिहावे आणि मोकळे व्हावे.

हे सारे एकाएकी का घडले? २०२४ च्या जूनमध्ये एलियट या गुंतवणूक संस्थेने साउथवेस्टमध्ये सुमारे १९० कोटी डॉलरचा वाटा घेतल्याचे जाहीर केले आणि कारभार पालटण्याचा आग्रह धरला. जुलैत नेमलेल्या आसनांची घोषणा झाली. ऑक्टोबरात तडजोड होऊन संस्थेच्या पसंतीची माणसे संचालक मंडळावर आली. त्याहून खोल कारण असे, की या गुणांचा व्यापार आता उड्डाणाहून किफायतशीर ठरला आहे. कंपनी गुण छापते आणि ते बँकांना विकते. बँका ते आपल्या क्रेडिट कार्डधारकांना वाटतात. २०२० साली महामारीत विमाने उभी राहिली, तेव्हा युनायटेडने आपली गुणयोजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. विमान जमिनीवर, प्रवासी घरात, आणि तरीही योजनेला भाव होता!

आपल्या देशातही ही कथा निराळ्या वेशात घडली आहे. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ मध्ये साउथवेस्टचाच कित्ता गिरवून स्वस्त तिकिटे काढली आणि आसनांचे क्रमांक रद्द केले. दार उघडताच आपली मंडळी पॅसेंजर गाडीत शिरावे तशी विमानात शिरत. ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. परंतु तिच्या प्रवाशांची गुणयोजना त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ असे नवे नाव घेऊन पुढे चालू राहिली. इंडिगोनेही २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ नावाची योजना आणली आहे. ती कोणत्या वळणाने जाते ते दिसेलच.

आता सामान. आपल्या वाचकांस या सगळ्यात खरी झळ बसणार आहे ती येथे. इंदूरहून अमेरिकेस थेट विमान नाही. देवी अहिल्याबाईंच्या नावाच्या आपल्या विमानतळावरून दिल्ली वा मुंबई, तेथून न्यूयॉर्क किंवा शिकागो, आणि तेथून पुढे मुलाच्या गावी अशी टप्प्याटप्प्याची यात्रा असते. लांबच्या प्रवासात सामान्यतः प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. साउथवेस्टमध्येही तेवढ्याच वजनाच्या दोन बॅगा फुकट असत. त्यामुळे शेवटच्या टप्प्याचे तिकीट वेगळे काढले तरी लसूण शेव, गोडा मसाला, कुरडया, नातवाची झबली आणि चार दिवाळी अंक जसेच्या तसे पुढे जात. २८ मे २०२५ पासून काढलेल्या तिकिटांवर ही सवलत बंद झाली. त्या वेळी लागू झालेला दर पहिल्या बॅगेस ३५ आणि दुसरीस ४५ डॉलर. पतिपत्नी दोघे, बॅगा चार, म्हणजे एका बाजूच्या प्रवासास १६० डॉलर. कुरडयांची किंमत यात बसत नाही हे सांगणे नलगे. पण त्या न नेणेही आजीच्या हिशेबात बसत नाही. उपाय एकच: बनेल तर मुलाच्या गावापर्यंतचे सबंध तिकीट एकत्रच काढावे, म्हणजे बहुधा लांबच्या प्रवासाचाच सामान-नियम अखेरपर्यंत चालतो. मुलाने शेवटच्या टप्प्याचे स्वस्त तिकीट वेगळे घेतले असेल, तर त्यात बॅगा धरल्या आहेत का, हे फोनवर विचारून घ्यावे. सर्वांत स्वस्त ‘बेसिक’ तिकिटावर आसन आपण निवडायचे नसते. नोंदणीच्या वेळी कंपनी देईल ते घ्यायचे. दोघांना शेजारी बसणे अगत्याचे असेल तर तेही आधीच पाहावे.

राहिला चढण्याचा क्रम. जेसन स्टेफेन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये विमान लवकर कसे भरावे याचे गणित मांडले होते. मागच्या रांगांपासून क्रमाने पुढे भरीत येणे सर्वांत सोयीचे, असे आपल्याला वाटते. त्याच्या गणितात ती रीत फार मंद निघाली आणि कोणीही कसेही चढले तरी तिच्याहून वेळ कमी लागला. साउथवेस्टची जुनी मोकळी पद्धत जलद का होती ते यावरून कळते. नव्या व्यवस्थेत आठ गट आहेत. पाय पसरायला अधिक जागा असलेली आसने घेणारे आणि वरच्या श्रेणीचे प्रवासी आधी, मग उरलेले, आणि स्वस्त तिकिटाचे शेवटच्या गटांत. डोक्यावरच्या कप्प्यात पिशवी ठेवायला जागा उरेल की नाही, हे त्यावर ठरते.

वरची श्रेणी मिळविण्यास वर्षात वीस एकेरी फेऱ्या किंवा तितक्या तोलाचा खर्च लागतो. कंपनीचे क्रेडिट कार्ड ज्याच्या खिशात आहे, त्याला मात्र पाचव्या गटाच्या पुढे थांबावे लागत नाही, मग तो आयुष्यात प्रथमच विमानात का चढत असेना. त्याची पहिली बॅगही फुकट जाते. वर्षभरात एकोणीस वेळा स्वस्त तिकिटाने उडालेला मनुष्य त्या वेळी त्याच्या मागे, सहाव्या, सातव्या किंवा आठव्या गटात, आपली पिशवी छातीशी धरून उभा असतो.