चषक एकाचा, घडण दुसऱ्याची

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक नेमताना विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाला सगळ्यात मोठा मोह पडतो तो नावाचा. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून खेळायचा. राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेला माणूस आणला की माजी विद्यार्थी आणि देणगीदार खूश. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०१७ च्या डिसेंबरात हेच केलं. जिम्बो फिशर यांनी २०१३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. त्यांच्याशी १० वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार झाला. मध्येच मुदत वाढवली गेली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांना काढलं, तेव्हा नुसती भरपाईच सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर निघाली. चषक खरा होता. पण ज्या फ्लोरिडा स्टेटमध्ये तो मिळाला, तिथे बॉबी बाउडन यांनी १९७६ पासून तीन दशकांहून अधिक काळ खपून दोन अजिंक्यपदं जिंकली होती. तयार घरात राहून दाखवणं वेगळं आणि पाया खणणं वेगळं, आणि बहुतेक विद्यापीठांना गरज असते ती पाया खणणाऱ्याची.

म्हणून माझ्या मते उमेदवाराला विचारायचा पहिला प्रश्न असा: हाताशी फारसं काही नसताना तुम्ही काय उभं केलंत, आणि किती वेळा? उदाहरणार्थ, कर्ट सिग्नेटी अलाबामा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांचे सहायक होते, २००९ च्या विजेत्या संघाबरोबर. ती जागा सोडून २०११ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातल्या दुय्यम श्रेणीच्या एका छोट्या संघाकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. पुढे ईलॉन विद्यापीठात त्यांच्या हाती आला तो आदल्या वर्षी फक्त दोन सामने जिंकलेला संघ. पहिल्याच हंगामात त्याने आठ जिंकले. मग जेम्स मॅडिसन विद्यापीठ. इंडियाना विद्यापीठाने त्यांना घेतलं तेव्हा तिथे नुकतेच ३ विजय, ९ पराभव झाले होते. २०२४ मध्ये त्याच संघाने ११ सामने जिंकले. एका हंगामात दहा विजय इंडियानाने तोवर कधीच पाहिले नव्हते.

यावर स्कॉट फ्रॉस्ट यांचं उदाहरण पुढे येतं, आणि ते टाळून चालणार नाही. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा २०१५ मध्ये एकही सामना न जिंकलेला संघ त्यांनी दोन वर्षांत १३-० वर नेला. पुढे नेब्रास्का विद्यापीठात मात्र १६ विजय, ३१ पराभव. पण त्यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून कमाई होती एका जागची, अवघ्या दोन हंगामांची. एकदा जमलेलं दुसऱ्या गावी, दुसऱ्या खेळाडूंसह पुन्हा जमतं का, हे तपासायला तेवढी पुरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: २०२१ पासून खेळाडू एकदा तरी वर्षभर न थांबता संघ बदलू शकतात, स्वतःच्या नावावर पैसेही कमावतात, मग सावकाश घडवण्याच्या कौशल्याला किंमत काय? मला उलट वाटतं. संघ दरवर्षी नव्याने जुळवायचा, तर दुर्लक्षित खेळाडू हेरणारी नजर अधिकच लागते. सिग्नेटी इंडियानात आले तेव्हा जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडू त्यांच्यामागून आले. मोठ्या विद्यापीठांनी शाळेतून निवडताना त्यांतल्या बहुतेकांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.